सरडा स्वस्त, ऊन महाग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अर्धं पान भरून फोटो छापलाय, एका पोराच्या खांद्यावर बसलेला बिअर्डेड ड्रॅगन नावाचा परदेशी सरडा, आणि शेजारी मजकूर की हा प्राणी भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यायची कटकट नाही, दोन-चार किडे टाकले की काम झालं, फ्लॅटवाल्यांसाठी बेस्ट. मी ते वाचलं तेव्हा माझ्या डाव्या हातात चहाचा कप होता आणि उजव्या हातात चिमट्यात धरलेलं झुरळ. जिवंत. पैसे देऊन आणलेलं. तेव्हाच ठरवलं की पत्र लिहायचं, लांबलं तर लांबलं, काटछाट तुम्ही करालच, पण ट्यूबचा भाग तेवढा कापू नका.

मी वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. ट्यूब, चोक, होल्डर, एमसीबी यातच आयुष्य गेलं. हे बढाई म्हणून सांगत नाही, उलट लाज वाटते म्हणून सांगतोय, का ते पुढे कळेल.

गेल्या दिवाळीत नातीला सहामाहीत मार्क बरे पडले म्हणून मुलाने हा जीव घरी आणला. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो म्हणून विचारलंच नाही. दुकानातून काय काय मिळालं बघा, दोन फुटी फिशटँक, वाळूची पिशवी, एक लाल बल्ब, एक प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि त्या सगळ्यात मध्ये बसलेलं वीतभर लांबीचं पिल्लू. सरडा साडेनऊ हजारांचा, बाकीचा सगळा सेट अडीच हजारांत. दुकानदार मुलाला म्हणाला गॅलरीच्या खिडकीत ठेवा, छान ऊन मिळतं, अजून काय लागतंय. आम्ही तसंच ठेवलं. आमची गॅलरी पूर्वेकडची, सकाळी भरपूर ऊन येतं, स्लायडिंगची काच लावून घेतलेली.

नातीने नाव ठेवलं बुवा. दाढी आहे ना. म्हणजे गळ्याखाली काटेरी कातडी असते, घाबरला की चिडला की ती फुगवतो आणि काळी कुळकुळीत करतो, म्हणून इंग्रजीत बिअर्डेड. आणि बुवा नाव अजून एका कारणाने फिट बसलं, हा पिल्लू असताना मधूनच पुढचा एक पाय वर उचलून गोल फिरवायचा, हळूहळू, अगदी कीर्तनाला बसलेले महाराज आशीर्वाद देतात तसा. आमची ही सुरुवातीला 'शी, पाल' म्हणून चार दिवस हॉलमध्ये आली नव्हती, तिने तो हात बघितला आणि चक्क हात जोडले. नंतर कळलं की तो आशीर्वाद नसतो, तू मोठा मी लहान, मला मारू नको असं तो सांगत असतो. हिला अजून सांगितलेलं नाही.

बुवांना तिसरा डोळापण आहे, थट्टा नाही. डोक्यावर मध्यभागी खवल्यांत एक बारीक ठिपका असतो, त्याने चित्र दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते. म्हणून वरून हात घातला की तो दचकतो, त्याच्या हिशोबाने घार आली. हात नेहमी समोरून, खालून न्यायचा. ही एवढीशी गोष्ट दुकानदाराने सांगितली असती तर नातीचं बोट पहिल्याच आठवड्यात चावलं गेलं नसतं.

आता मुद्द्याचं. मकरसंक्रांतीच्या सुमारास नात म्हणाली, आबा, बुवांची बोटं थरथरतायत. मला वाटलं थंडी. मग तो चालताना पोट उचलेनासा झाला, फरफटत जायचा, किडा पकडायला गेला की जबडा नीट मिटायचा नाही. आमच्या भागातल्या दोन क्लिनिकमध्ये गेलो, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही कुत्री-मांजरी बघतो, यातलं आम्हाला फार कळत नाही. तिसरीकडे एक तरुण डॉक्टर मॅडम भेटल्या ज्या सरपटणारे प्राणी बघतात. त्यांनी एक्सरे काढला आणि मला दाखवला. हाडं दिसतच नव्हती नीट, पुसट, धुतलेल्या कपड्यावरच्या डागासारखी. मेटाबोलिक बोन डिसीज म्हणाल्या, म्हणजे शरीराला कॅल्शियम मिळत नाही म्हणून ते हाडांतून काढून घेतं आणि हाडं रबरासारखी मऊ होतात. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, यूव्हीबीची ट्यूब कुठली लावलीय?

मी म्हटलं ट्यूब कशाला, ऊन येतं ना खिडकीतून.

त्या म्हणाल्या काका, काचेतून यूव्हीबी येत नाही.

३१ वर्षं, संपादकसाहेब. मला खाली बघावं लागलं. उजेड येतो, गरमी येते, पण ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते साध्या खिडकीच्या काचेत जवळजवळ सगळे अडतात. आणि ड जीवनसत्त्व नाही तर पोटात कितीही कॅल्शियम घाला, अंगी लागत नाही. म्हणजे तीन महिने आम्ही त्याला रोज उन्हात बसवून उपाशी ठेवत होतो. दुकानातला लाल बल्ब तर त्याहून बिनकामाचा, त्यात यूव्हीबी नाही, गरमी जेमतेम, आणि रात्री चालू ठेवला तर प्राण्याची झोप मोडते. तुमच्या फोटोत मागे तोच लाल बल्ब दिसतोय, मी भिंग घेऊन बघितलं.

पुढचा किस्सा सांगायला अजून लाज वाटते. घरी येताना डोक्यात आलं की यूव्ही ट्यूब तर आपल्याकडे आहे, पाण्याच्या फिल्टरची एक स्पेअर माळ्यावर पडलीय, काढू आणि लावू, दोन हजार वाचले. होल्डरसुद्धा शोधून ठेवला होता. नातीने मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि ओरडली. बरं झालं ओरडली, कारण फिल्टरमधली ट्यूब असते यूव्हीसी, २५४ नॅनोमीटर, जंतू मारायची, तिच्यासमोर डोळे उघडे ठेवून बसलं तर माणसाचे डोळे भाजून निघतात, सरड्याचं काय घेऊन बसलात. आणि डास मारायच्या मशीनमधली निळी नळी असते यूव्हीए, तिचा ड जीवनसत्त्वासाठी काही उपयोग नाही. आपल्याला पाहिजे मधली, यूव्हीबी, २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातली. तीन भाऊ आहेत, आडनाव एक, स्वभाव वेगळे. बाजारात नुसतं 'यूव्ही लाइट' म्हणून काहीही विकतात, एलईडीवर जांभळा कागद गुंडाळल्यासारखं काहीतरी देतात, तेव्हा खोक्यावर रेप्टाइल यूव्हीबी आणि १० किंवा १२ टक्के असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्या. लांब नळी घ्यायची, टी-फाइव्ह म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारखी, सीएफएलसारखी गुंडाळलेली नको, तिचा पट्टा फार लहान पडतो. टँकच्या निम्म्याहून जास्त लांबीची, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेली पट्टी, आणि नळीपासून सरड्याच्या पाठीपर्यंत साधारण सव्वा फूट अंतर. मध्ये काच अजिबात नको, बारीक जाळी असली तरी बराच भाग अडतो. सगळ्यात महत्त्वाचं, ही नळी वर्षभराने बदलायची, जळली नसली तरी. आपल्या डोळ्याला ती तशीच पांढरीशुभ्र दिसत राहते पण कामाचे किरण संपलेले असतात. मी नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवलीय, कंपनीतली सवय.

गरमीचं वेगळंच. बुवा मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. तिथल्या सरकारने १९६० च्या दशकापासून आपले प्राणी बाहेर विकायला बंदी केलीय, त्यामुळे जगभर घराघरांत आहेत ते पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची पोरं-नातवंडं. पण शरीराची घडण तीच. सकाळी तापलेल्या दगडावर जाऊन बसायचं, अंग गरम करायचं, मगच पोटातलं पचतं. म्हणून टँकच्या एका टोकाला बसायच्या जागी ३८ ते ४२ डिग्री पाहिजे आणि दुसरं टोक गार पाहिजे, २५-२८ च्या आसपास, म्हणजे तो स्वतःच आपल्याला पाहिजे तसा इकडून तिकडे करतो. गार असला की पाठ गडद करतो, जास्त ऊन खेचायला, तापला की फिकट होतो. सरड्यासारखे रंग बदलणं ही आपण शिवी म्हणून वापरतो, त्या बिचाऱ्याला तो थर्मोस्टॅट आहे. दिव्याखाली बसून तोंड उघडं ठेवतो ते पण जांभई नाही, तापलाय, गरमी बाहेर टाकतोय.

तर या गरम टोकासाठी साधा फिलामेंटचा बल्ब पाहिजे, एलईडीला कुठून येणार गरमी. मी जांभळी नाक्यापासून स्टेशनपर्यंत सात दुकानं फिरलो १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बसाठी. एका दुकानातला पोरगा म्हणाला, काका तो आता म्युझियममध्ये मिळेल. शेवटी हॅलोजनचा स्पॉट मिळाला ७५ वॅटचा, तोच जास्त चांगला निघाला, डिमरवर घेतला. पहिल्या दिवशी दगडाचं तापमान बघायला घरातली कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन घेतली, ती ४२ च्या वर नुसतं 'हाय' दाखवायची. मग जुन्या मित्राकडून मेंटेनन्सवाली इन्फ्रारेड गन आणली तर दगड ५३! म्हणजे अजून अर्ध्या तासात बुवांचा तवा झाला असता. डिमर खाली आणून ४० वर बसवला. अंदाजाने चालत नाही हो, मोजावंच लागतं. आणि दुकानात गरम होणारा दगड मिळतो वायरवाला, तो फुकट दिला तरी नको, पोटाला भाजतं आणि त्याला कळत नाही, कारण त्याला गरमी वरून येते एवढंच माहीत.

विजेचा हिशोब सांगतो, कोणी विचारेलच. ७५ चा हॅलोजन, ३९ ची नळी, रोज १२ तास, म्हणजे दिवसाला एक युनिट आणि वर थोडं, महिन्याला ४० च्या आसपास. स्वस्तातला फ्रीज एक्स्ट्रा चालवल्यासारखं धरा. रात्री काहीच लागत नाही, ठाण्यात थंडी पडून पडून किती पडणार, घरात १८ च्या खाली जात नाही तोवर अंधार आणि झोप.

टँकबद्दल. दोन फुटांचा फिशटँक मोठ्या बुवांना म्हणजे एसटीच्या सीटवर सहा माणसं. शेपटी धरून दीड ते दोन फुटांचे होतात ते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, कुंपण तरी बरं असावं, चार फूट लांब, दोन खोल, दोन उंच. आमच्याच लायनीतल्या सुताराकडून प्लायचा खोका करून घेतला, पुढे सरकत्या काचा, दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या, पॉलिशचा वास जाईपर्यंत तीन आठवडे गॅलरीत उघडा ठेवला. सुताराने विचारलं आत काय ठेवणार, टीव्ही का? मी हो म्हटलं. खाली वाळू नाही, पिल्लं किड्याबरोबर वाळू गिळतात आणि आतडं तुंबतं. मी किचनच्या ओट्यातून उरलेला कडप्पा टाकला, गरमी धरतो, पुसायला सोपा, नखं आपोआप घासली जातात. आणि गार कोपऱ्यात, साहेब, तुमचाच पेपर. रोज सकाळी बदलतो. बुवांना राशिभविष्याचं पान आवडतं, नेमकं तिथेच जातात.

मध्यंतरी मुलगा म्हणाला एकटा पडलाय, अजून एक आणू. नाही. हे एकटे राहणारे प्राणी आहेत, दोघांना एकत्र ठेवलं की एक दिव्याखाली बसतो आणि दुसरा कोपऱ्यात सुकत जातो, नाहीतर शेपट्या-बोटं तोडतात एकमेकांची. फोटोत एकावर एक बसलेले दिसतात ते प्रेम नसतं, वरच्याने खालच्याचं ऊन अडवलेलं असतं. आमच्या जुन्या चाळीत गॅलरीवरून याच कारणाने भांडणं व्हायची.

आता खाणं, म्हणजे घरातलं खरं महाभारत. पिल्लू असताना किडे जास्त पाला कमी, मोठं झालं की उलटं, पाला जास्त किडे कमी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आधी रातकिडे आणले, डब्यातून दोन सुटले, कपाटामागे जाऊन आठ रात्री किर्र्र, हिने मला माहेरी जायची धमकी दिली, साठीच्या पुढे. मग ड्युबिया नावाची झुरळं आणली, ती आवाज करत नाहीत, गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत, त्यामुळे उघड्या टबात पण राहतात. ज्या घरात दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलचा माणूस यायचा त्या घरात आम्ही झुरळांना गाजर घालतोय. पेस्ट कंट्रोल बंद, हे लक्षात ठेवा, जेल खाल्लेलं घरचं झुरळ बुवांनी पकडलं तर संपलं. बाहेरचे नाकतोडे, किडेसुद्धा नकोत, कुठे काय फवारलंय सांगता येत नाही. आणि पावसाच्या तोंडावर लोक काजवे बघायला जातात, कोणाच्या डोक्यात बरणी भरून आणायची कल्पना आली तर सांगून ठेवतो, काजव्यात विष असतं, परदेशात एखाददुसरा काजवा खाऊन हे सरडे मेलेत.

पाल्याच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान. परदेशातले लोक कुठली कुठली पानं मागवतात, आपल्याकडे सोसायटीच्या कंपाउंडला शेवगा आहे. शेवग्याचा पाला, लाल भोपळा किसून, घोसाळं, थोडी मेथी, आणि जास्वंदीचं फूल म्हणजे बुवांचा जीव की प्राण, गणपतीला काढून ठेवलेल्या फुलांवर नजर असते. पालक आणि माठ रोज द्यायचे नाहीत, त्यात ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. अळू तर नकोच, आपल्यालाच घसा खाजतो. ॲव्होकॅडो घातक. भाजीवाल्या मावशींना मी एकदा विचारलं फवारणी नसलेला पाला मिळेल का, त्या म्हणाल्या कोणासाठी, मी म्हटलं बुवांसाठी, तेव्हापासून त्या पैसे घेत नाहीत. मी काय करू.

किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवायची, पिल्लांना जवळजवळ रोज. डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं तेव्हा हिने लगेच उपाय काढला, पानाच्या डब्यातला चुना लावू की, तो पण कॅल्शियमच. नाही बाई. तो जळजळीत असतो, तोंड-घसा भाजेल. पावडर कॅल्शियम कार्बोनेटची असते, ती वेगळी. हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्या घरांत चुना हे सगळ्यावर औषध आहे.

बुवा सावरले. सिरप, पावडर, ट्यूब, दोन महिन्यांत थरथर थांबली, पोट उचलून चालायला लागले. पण खालचा जबडा थोडा डावीकडे वाकडा राहिलाय तो राहिलाच, तो सरळ होणार नाही. नात म्हणते हसल्यासारखे दिसतात. मला तसं वाटत नाही.

यानंतर आला पाऊस, आणि खरी परीक्षा तेव्हा. वाळवंटातला जीव, त्याला हवेत दमटपणा ३०-४० टक्के पाहिजे, जुलैत आमच्या हॉलमधला काटा ८८ दाखवत होता. कपडे वाळत नाहीत तिथे सरडा कसा वाळणार. दमट आणि गार मिळून यांना छातीचं इन्फेक्शन होतं, नाकातून बुडबुडे येतात, श्वास घेताना शिट्टी वाजते. मी खोक्याच्या जाळीला जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला, हवा बाहेर खेचणारा, पाण्याची वाटी दिव्यापासून लांब नेली, दुपारी दोन तास एसी ड्राय मोडवर. काटा ५५ पर्यंत आला, दिव्याखाली त्याहून कमी. जमेल तेवढं जमतं. एकदा लाइट गेली ती दुपारी दोनला आणि आली रात्री साडेनऊला, सकाळीच बुवांचं भरपेट खाणं झालेलं, आणि गरमी नाही म्हणजे पचन नाही, पोटातच सडतं. इन्व्हर्टरवर हॅलोजन टाकला तर घरातले पंखे बंद. सूनबाई काही बोलली नाही, गॅलरीत जाऊन बसली. तेव्हापासून आकाश भरून आलं आणि वारा सुटला की आधी बुवांचा नाश्ता कॅन्सल.

उन्हाळ्यात उलटं होतं, मे महिन्यात गार टोकच ३४ वर जातं, तेव्हा दिवा दुपारी बंद ठेवतो. कोवळ्या उन्हात गच्चीवर नेतो कधीकधी, जाळीच्या पिंजऱ्यात, काचेच्या टँकमध्ये कधीच नाही, तो उन्हात दहा मिनिटांत भट्टी होतो. आणि बाजूला बसून राहावं लागतं, आमच्याकडे येऊरच्या जंगलाच्या बाजूने घारी फिरत असतात.

गच्चीवर नेतानाच कोणीतरी बघितलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, 'बी विंगमध्ये घोरपड पाळली आहे, लहान मुलांना जपा.' खाली १७ अंगठे. एकाने १९२६ ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करतो म्हणून लिहिलं. मी म्हटलं जरूर करा, चांगली सवय आहे. घोरपड खरंच असती तर करायलाच पाहिजे होता, घोरपड, तारा कासव, एवढंच काय पिंजऱ्यातला साधा हिरवा पोपट, आपल्याकडचे जंगली प्राणी-पक्षी पाळणं गुन्हा आहे, हे अर्ध्या सोसायटीला माहीत नव्हतं, सेक्रेटरींच्या स्वतःच्या घरी मिठू आहे. ग्रुप एकदम शांत झाला.

परदेशी प्राण्यांचं वेगळं. २०२२ ला वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ ला नोंदणीचे नियम आले, सायटिस नावाच्या आंतरराष्ट्रीय यादीतले प्राणी, जसं इग्वाना किंवा बॉल पायथन, घरी असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तेव्हा कुठलाही असा जीव विकत घ्यायच्या आधी दुकानदाराकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या, यादीत बघा, पक्कं बिल घ्या, आणि दुकानाचा नोंदणी नंबर विचारा, २०१८ च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आमच्या मुलाला मिळालेलं बिल म्हणजे वहीच्या कागदावर 'ड्रॅगन १ नग'. विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगेत मोज्यांत गुंडाळलेले सरडे-कासवं सापडल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, मग 'घरी आणा, बेस्ट आहे' हेपण तुम्हीच छापता, दोन्ही पानांची गाठ कोणीतरी घालून द्या.

आमची ही एकदा म्हणाली सरडाच बघायचा होता तर कंपाउंडवरचा काय वाईट होता. खरं आहे, बागेतला सरडा आणि बुवा एकाच कुळातले, अगॅमिडी. आणि २०१६ साली साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पंख्यासारखा निळा गळा फुलवणाऱ्या सरड्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं 'सरडा सुपर्बा'. जगाच्या शास्त्रीय पुस्तकात आपला मराठी सरडा शब्द गेलाय. त्यावर एक अर्धं पान छापा, फोटो बुवांपेक्षा भारी येतील आणि कोणाला विकत आणावासा वाटला तरी आणता येणार नाही.

मला हा प्राणी कोणी पाळूच नये असं म्हणायचं नाही. संध्याकाळी दिवा मालवायच्या आधी बुवा माझ्या छातीवर येऊन पसरतात, सदऱ्याला नखं लावून, डोळे मिटून, तेव्हा मी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करतो. पण ८ ते १२ वर्षं जगतात हे, नात तेव्हा कुठे नोकरीला असेल आणि मी असलो तर ऐंशीकडे झुकलेलो असेन. आमचा हिशोब सांगतो, सरडा साडेनऊ हजार, बाकी खोका, नळी, दिवा, गन, डॉक्टर, एक्सरे मिळून २६ हजारांच्या वर, आणि अडीच हजारांचा पहिला सेट भंगारात. तुमच्या लेखात यातलं एक अक्षर नाही. हात धुवायचं पण नाही. यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, खेळून झालं की साबणाने हात धुवायचे, भांडी किचनच्या सिंकमध्ये नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडाजवळ तर नाहीच.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या मागच्या बिल्डिंगमधला एक जण विचारत होता की त्याच्या भाच्याला कंटाळा आलाय, येऊरला नेऊन सोडला तर चालेल का, जंगलच आहे ना. मी त्याला जिन्यातच पाऊण तास थांबवून ठेवलं. तो सरडा आता आमच्या घरी आहे, दुसऱ्या खोक्यात, दुसऱ्या खोलीत. ट्यूब नव्हती त्याच्याकडे. मागचे दोन्ही पाय वाकलेत.

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी त्याच जागी चौकट छापा. चार फुटी खोका, यूव्हीबी नळी, काचेतून ऊन चालत नाही, पक्कं बिल. मजकूर मी फुकट लिहून देतो, हवा तर डॉक्टर मॅडमना विचारून.

आपला,
एक वाचक
वर्तकनगर, ठाणे

ता. क. : दुसरा आल्यापासून आम्ही तुमच्या पेपरच्या दोन प्रती घेतो. पेपरवाल्याला वाटतंय सूनबाईचं आणि हिचं पटत नाही.